‘जा, अभ्यास कर’ या उत्तराची मीमांसा

मराठी घरात लहान मुलाच्या प्रश्नाला जे उत्तर दिले जाते, त्याचा हेतू प्रश्न सोडवणे हा नसून प्रश्नकर्त्याला त्या जागेवरून हलवणे हा असतो, ही गोष्ट ज्ञानमीमांसेच्या, म्हणजे माणसाला एखादी गोष्ट कळते ती नेमकी कशी याचा विचार करणाऱ्या शास्त्राच्या, अभ्यासकांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेली दिसत नाही. या उत्तराला प्रस्तुत विवेचनापुरते ‘घरगुती उत्तर’ असे म्हणावे. ते वर्तमानपत्रातून डोके वर न काढता किंवा कढईतला झारा न थांबवता देता येते, त्याला पुरावा लागत नाही, तीन पिढ्यांत त्याचा काना-मात्राही बदलत नाही, आणि प्रश्न आकाशाच्या निळेपणाविषयी असो वा झुरळाच्या पायांविषयी, त्याचा समारोप ‘जा, अभ्यास कर’ या आज्ञेनेच होतो. बहुसंख्य मुले ही आज्ञा ऐकून निमूटपणे पाढ्यांकडे वळतात. परंतु जगात काही थोडी माणसे अशीही निपजली, की ज्यांनी ती शब्दशः पाळली. म्हणजे जो प्रश्न विचारला म्हणून त्यांना हाकलले गेले, त्याच प्रश्नाचा त्यांनी रीतसर अभ्यास केला आणि निष्कर्ष नामांकित नियतकालिकांत छापून आणले. अशा आज्ञाधारकांसाठी अमेरिकेत 1991 साली सुरू झालेले ‘इग नोबेल’ नावाचे पारितोषिक दिले जाते, आणि जे संशोधन ऐकून माणूस आधी हसतो व मग विचारात पडतो, ते त्याला पात्र ठरते.

घरगुती उत्तर आणि प्रयोगशाळेतले उत्तर यांतला मुख्य भेद वेळेचा आहे. पहिले दीड सेकंदात मिळते. दुसऱ्याला कधी पन्नास वर्षे लागतात, आणि एवढे करून आलेल्या उत्तरातही ‘बहुधा’ हा शब्द असतो, जो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी सहसा ऐकू येत नाही.

डासांचा प्रश्न घ्यावा. संध्याकाळी गच्चीवर सात जण बसलेले असताना डास त्यांतल्या एकालाच फोडून का काढतात, यावर ‘तुझे रक्त गोड आहे’ हे घरगुती उत्तर सर्वमान्य असून त्यात चावा खाणाऱ्याची थोडी स्तुती आणि न चावल्या गेलेल्यांची थोडी निंदा असल्याने सगळेच गप्प होतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेस्ली वॉसहॉल यांच्या प्रयोगशाळेने मात्र 64 स्वयंसेवकांच्या हातांवर नायलॉनचे मोजे चढवून त्यांत त्यांच्या त्वचेचा गंध मुरवला, मग त्या मोज्यांचे तुकडे जोडीजोडीने एडिस इजिप्ती या जातीच्या, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या, डासांपुढे ठेवले आणि त्यांची झुंबड कुठे उडते ते मोजले. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 33 क्रमांकाचा स्वयंसेवक सर्वांत कमी आवडलेल्या स्वयंसेवकांहून शंभरपटीने अधिक लोकप्रिय ठरला, आणि काही वर्षांनी पुन्हा तपासले तरी डासांची आवड बदललेली नव्हती. माणसामाणसांतल्या संबंधांत असे सातत्य क्वचितच आढळते. जे डासांना जास्त आवडतात त्यांच्या त्वचेवरच्या तेलकट स्रावात कार्बोक्सिलिक आम्लांचे, म्हणजे ज्या कुळात व्हिनेगरचे आम्लही मोडते अशा रसायनांचे, प्रमाण अधिक आढळले. तेव्हा गोडवा रक्तात नसून आंबटपणा कातडीवर आहे, आणि घरगुती उत्तर चवीच्या बाबतीत साफ चुकले असले तरी जागेच्या बाबतीत अवघ्या काही मिलिमीटरांनीच चुकले, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

कांद्याच्या बाबतीत इतकी उदारता दाखवता येत नाही. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येते, या प्रश्नाला ‘कांदा आहे तो, रडवणारच’ हे जे उत्तर मिळते, त्यात न्यायशास्त्रात ज्याला आत्माश्रय म्हणतात तो दोष, म्हणजे जे सिद्ध करायचे त्याचाच आधार पुराव्यात घेण्याचा दोष, आहे. वस्तुस्थिती अशी की कांदा अखंड असतो तोवर तो निरुपद्रवी असतो. त्याच्या पेशींत गंधकयुक्त द्रव्ये एका कप्प्यात आणि अ‍ॅलिनेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, दुसऱ्या कप्प्यात, अशी भाऊबंदकीतल्या वाटणीसारखी व्यवस्था असते. विळीचे पाते ही मधली भिंत पाडते, दोन्ही पक्ष समोरासमोर येतात आणि जे निर्माण होते त्याचे अखेर प्रोपेनथायल एस-ऑक्साइड नावाच्या वायूत रूपांतर होते. हा वायू डोळ्यांच्या ओलसर पृष्ठभागावर पोहोचला की तेथील मज्जातंतू चेतवले जातात आणि अश्रुग्रंथी त्याला धुऊन काढण्याच्या कामाला लागतात. हे शेवटचे रूपांतर आपोआप होते असे दीर्घकाळ मानले जात होते. 2002 साली जपानमधल्या हाउस फूड्स या, करीचा तयार मसाला विकणाऱ्या, कंपनीच्या संशोधकांनी त्यासाठी कांद्याजवळ खास वेगळे विकर असल्याचे दाखवून दिले. कांद्याने केवळ रडवण्यासाठी एक स्वतंत्र खाते उघडून ठेवले आहे, या शोधाला 2013 चे इग नोबेल मिळाले. पुढे त्याच कंपनीने न रडवणारा कांदाही बाजारात आणला. लासलगावच्या बाजार समितीत कांदा एका मोसमात पिकवणाऱ्याला आणि दुसऱ्या मोसमात खाणाऱ्याला रडवतो, त्यामागचे विकर मात्र जपानी संशोधकांच्या कक्षेबाहेरचे आहे.

रसायन समजले तरी ते ओट्यावरून डोळ्यांपर्यंत कसे पोहोचते हा प्रश्न उरलाच होता, आणि तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील सुंगह्वान जंग यांच्या गटाने हाती घेतला. त्यांनी कांद्यासाठी एक छोटे गिलोटिन, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीत मान उडवण्यासाठी वापरले जाई त्या धर्तीचे वरून पडणारे पाते, उभे केले आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने त्याचे चित्रण केले. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून असे दिसले की पात्याच्या दाबाखाली कांद्याचा बाहेरचा पापुद्रा आधी वाकतो, आतल्या रसावर दाब साठत जातो, आणि पापुद्रा फाटताच अत्यंत बारीक तुषारांचा फवारा जोराने वर उडतो. पाते जितके बोथट आणि घाव जितका वेगाचा, तितके तुषार अधिक. म्हणजे दूरदर्शनवर ज्या झपाट्याने कांदा चिरणारे बल्लवाचार्य कौतुकाचे धनी होतात तो झपाटा अश्रूंना आमंत्रण देतो, तर ‘विळीला धार लावून आण आणि सावकाश चिर’ असे कुरकुरणारी आजी द्रवगतिशास्त्राच्या, म्हणजे वाहत्या पदार्थांच्या हालचालींचा विचार करणाऱ्या शास्त्राच्या, बाजूने उभी असते. कांदा आधी फ्रीजमध्ये ठेवला की डोळे झोंबत नाहीत, हा अलीकडच्या काळात घराघरांत पोहोचलेला उपाय मात्र या प्रयोगात अडचणीत आला, कारण थंड कांद्यातून उलट जास्त तुषार उडाले. झुणका-भाकरीसोबत कांदा बुक्कीने फोडण्याची जी पद्धत आहे, तिची चाचणी गिलोटिनवर घेता येत नसल्याने तो प्रश्न खुला आहे, आणि बुक्की हे सर्वांत बोथट पाते मानावे की पातेच मानू नये, यावर पुढील संशोधकांना बरेच दिवस भांडता येईल.

येथे एका भारतीय योगदानाचा उल्लेख केला नाही तर विवेचन एकांगी ठरेल. चारचौघांत नाकात बोट घालू नये, हे प्रत्येक मराठी मुलाला सांगितले जाते. ते किती जण पाळतात हे मात्र कोणी मोजत नाही. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतील चित्तरंजन आंद्रादे आणि बी. एस. श्रीहरी यांनी 200 शाळकरी मुलामुलींची पाहणी करून ही सवय जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे दाखवले आणि 2001 चे सार्वजनिक आरोग्याचे इग नोबेल मिळवले. या सवयीच्या टोकाच्या प्रकाराला वैद्यकात ऱ्हायनोटिलेक्सोमेनिया असे नाव आहे, आणि ते एका दमात उच्चारून दाखवणाऱ्या मुलाला त्या कृत्याबद्दल माफी द्यावी, असे सुचवण्याचा मोह होतो.

घरगुती उत्तराविरुद्ध सर्वांत दीर्घ लढा ज्यावर लढला गेला, तो विषय बोटे मोडण्याचा. मराठीत या एका क्रियेने जेवढा भार उचललेला आहे तेवढा दुसऱ्या कोणत्याही सांध्याने उचललेला नसेल: एखाद्याच्या नावाने बोटे मोडणे म्हणजे त्याला शाप देणे, आणि तीच बोटे बाळाच्या चेहऱ्यावरून ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर मोडणे म्हणजे त्याची दृष्ट काढणे. आवाज तोच, हाड तेच, अर्थ मात्र दोन टोकांचे. हा आवाज येतो कोठून? सांध्यात वंगणासारखा एक द्रव असतो. बोट ताणले की सांध्यातली जागा एकाएकी वाढते, दाब घटतो आणि त्या द्रवात विरघळलेला वायू बुडबुड्याच्या रूपाने बाहेर येतो. इथवर सर्वांचे एकमत आहे. ‘कट्’ हा आवाज बुडबुडा जन्मताना होतो की मरताना, यावर मात्र विद्वानांनी सत्तर वर्षे एकमेकांच्या नावाने बोटे मोडली. 1947 साली लंडनमध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने जन्माचा पक्ष मांडला गेला, 1971 मध्ये लीड्सच्या संशोधकांनी मृत्यूचा पक्ष उचलून धरला, 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एका स्वयंसेवकाची बोटे एमआरआय यंत्रात एकेक करून ओढली गेली आणि पारडे पुन्हा जन्माकडे झुकले, तर 2018 मध्ये गणिती प्रतिकृती मांडून असे दाखवण्यात आले की बुडबुडा अर्धवट फुटला तरी तेवढा आवाज होऊ शकतो आणि उरलेला अर्धा यंत्राला दिसू शकतो. तडजोडीचा हा मार्ग, म्हणजे अर्धा मेला आणि अर्धा जगला, वाटणीचे दावे चालवणाऱ्या कोणत्याही वकिलाला पटण्यासारखा आहे. एकदा मोडलेले बोट पुन्हा वाजायला सुमारे वीस मिनिटे लागतात, ही याच संशोधनातून पुढे आलेली माहिती शेजाऱ्यांना शाप देणाऱ्यांनी वेळापत्रक आखताना ध्यानात ठेवावी.

परंतु खरा संघर्ष आवाजाचा नसून परिणामांचा आहे. बोटे मोडू नकोस, म्हातारपणी सांधे धरतील, हे घरगुती भाकीत महाराष्ट्रापुरते मर्यादित नाही. अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर या मुलालाही ते ऐकावे लागले होते, आणि ऐकवणाऱ्यांत त्यांची आई, अनेक मावश्या-आत्या आणि कालांतराने सासूबाई यांचा समावेश होता. अंगर पुढे डॉक्टर झाले. त्यांनी उलट उत्तर न देता फक्त डाव्या हाताची बोटे दिवसातून किमान दोनदा मोडण्याचा परिपाठ ठेवला आणि उजवा हात ‘नियंत्रण’ म्हणून, म्हणजे ज्यावर प्रयोग करायचा नाही व जो केवळ तुलनेसाठी राखायचा असा, तसाच ठेवला. पन्नास वर्षांनी, डाव्या हाताची बोटे किमान 36,500 वेळा मोडून झाल्यावर, त्यांनी दोन्ही हात तपासले; संधिवात कोणत्याच हाताला नव्हता. हा निष्कर्ष त्यांनी 1998 मध्ये संधिवाताच्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि 2009 मध्ये त्यांना इग नोबेल मिळाले. एकाच माणसावरच्या प्रयोगाने सर्वसाधारण नियम सिद्ध होत नाही, हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या रास्त आहे. तथापि आईला उलट न बोलता तिचे म्हणणे खोडून काढण्यासाठी पन्नास वर्षे थांबण्याची तयारी असलेला दुसरा मुलगा मिळणे कठीण असल्याने प्रयोगाची व्याप्ती वाढवता आली नसावी.

शाळेतले उत्तर हे घरगुती उत्तराचेच इस्त्री केलेले रूप असते, आणि त्याचा सर्वांत प्रसिद्ध बळी टांझानियातला आहे. 1963 साली, तो देश टांगानिका म्हणून ओळखला जात असताना, एरास्टो म्पेम्बा हा शाळकरी मुलगा वर्गमित्रांसोबत आइस्क्रीम करत होता. दूध उकळून, साखर घालून, निववून मग शीतपेटीत ठेवायचे असा रिवाज होता. पण पेटीतली जागा भरत चालल्याचे पाहून त्याने गरम मिश्रणच आत सारले, आणि ते एका वर्गमित्राने न उकळताच ठेवलेल्या मिश्रणाच्या आधी गोठले. याचे कारण विचारल्यावर शिक्षकांनी त्याचाच काही घोळ झाला असेल असे सांगितले, आणि पुढच्या शाळेत तर हे म्पेम्बाचे भौतिकशास्त्र आहे, जगाचे नव्हे, अशी टर उडवण्यात आली. वर्गात कोणाचेही गणित चुकले की ते म्पेम्बाचे गणित ठरू लागले. पुढे दार-एस-सलामच्या विद्यापीठ महाविद्यालयातले डेनिस ऑस्बर्न व्याख्यानाला आले असता त्याने तोच प्रश्न भर सभेत विचारला, मुले हसली, पण ऑस्बर्न यांनी परतल्यावर आपल्या साहाय्यकाला तो प्रयोग करायला लावला. साहाय्यकाने गरम पाणी खरोखरच आधी गोठल्याचे कळवले आणि योग्य निष्कर्ष हाती येईपर्यंत प्रयोग पुन्हा पुन्हा करत राहू, असे आश्वासनही दिले. ऑस्बर्न व म्पेम्बा यांचा संयुक्त लेख 1969 मध्ये छापून आला, आणि ज्या नावाने टिंगल होत होती तेच नाव ‘म्पेम्बा परिणाम’ म्हणून पाठ्यपुस्तकांत गेले. अ‍ॅरिस्टॉटलने अशाच एका निरीक्षणाची नोंद दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी केली होती, पण त्याला कोणी आइस्क्रीमच्या रांगेत उभे केले नव्हते.

गोष्ट येथे संपली असती तर ती शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगण्याजोगी झाली असती. परंतु 2016 मध्ये ब्रिटनमधल्या दोघा संशोधकांनी काळजीपूर्वक मोजमापे घेऊन पाण्याच्या बाबतीत असा परिणाम सापडत नसल्याचे सांगितले, आणि तापमापक सेंटिमीटरभर वर-खाली धरला तरी निष्कर्ष उलटा दिसू शकतो हेही दाखवले. त्यानंतर 2020 मध्ये कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात अविनाश कुमार आणि जॉन बेकहोफर यांनी पाण्यात तरंगणाऱ्या काचेच्या सूक्ष्म मण्यावर प्रयोग केला. मण्याभोवती चढउतारांचे एक अदृश्य मैदान उभारून त्यांनी दाखवले की योग्य परिस्थितीत तापलेली प्रणाली कोमट प्रणालीच्या आधी थंड होते. सारांश, परिणाम आहे, पण तो ज्या वाटीत प्रथम दिसला त्या वाटीत असेलच असे नाही. अशा उत्तराने शिक्षकांचे समाधान होत नाही आणि म्पेम्बाचेही. होते ते फक्त संशोधन-अनुदान मंजूर करणाऱ्यांचे.

राहिला प्रश्न पाण्यात सुरकुतणाऱ्या बोटांचा. ‘कातडी पाणी पिते आणि फुगते’ हे घरगुती उत्तर इतके पटण्याजोगे आहे की पुस्तकांनीही ते दीर्घकाळ उसने घेतले होते. 1936 मध्ये टॉमस लुईस आणि जॉर्ज पिकरिंग यांनी मात्र असे नोंदवले की हाताच्या मध्यवर्ती मज्जातंतूला इजा झालेल्यांची बोटे पाण्यात सुरकुतत नाहीत. आणि पाणी शोषणे हेच कारण असते तर कातडीने मज्जातंतूची परवानगी मागण्याचे प्रयोजन नव्हते. आज हे मान्य आहे की मज्जासंस्थेच्या आज्ञेवरून बोटांच्या टोकांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतला ऐवज कमी होतो आणि वरची कातडी मापाने मोठ्या अंगरख्यासारखी चुण्या पाडून बसते. याचा उपयोग काय? 2013 मध्ये न्यूकॅसल विद्यापीठात सुरकुतल्या बोटांनी ओल्या गोट्या उचलण्याचा प्रयोग झाला, तेव्हा काम सुमारे 12 टक्के लवकर झाले. पुढच्याच वर्षी बर्लिनमधल्या संशोधकांना असा काहीही फायदा आढळला नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लंडनच्या सायन्स म्युझियमला आलेल्या पाचशेहून अधिक पाहुण्यांवरच्या प्रयोगात सुरकुत्यांमुळे ओली वस्तू धरायला कमी जोर लागतो असे दिसले. पिढ्यान्‌पिढ्या राखेने भांडी घासणाऱ्या आणि दगडावर धुणे आपटणाऱ्या ज्या हातांवर हा प्रयोग रोज दोन वेळा विनामूल्य चालला होता, त्यांना या तिन्हींपैकी कोणत्याही वर्षी कोणी विचारले नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात त्वचेचा अभ्यास करणारे गाय जर्मन, ज्यांच्या नावातले दोन्ही शब्द मराठी वाचकाची दिशाभूल करतात, यांनी हे सारे मुलांसाठीच्या एका प्रश्नोत्तर सदरात समजावून सांगितले. त्यावर उलटा प्रश्न आला, की मग सुरकुत्या दर वेळी त्याच आकाराच्या पडतात का. येथे घरगुती परंपरेत काय झाले असते हे सांगण्याची गरज नाही. जर्मन यांना उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी एका विद्यार्थिनीसह स्वयंसेवकांची बोटे अर्धा तास पाण्यात बुडवली, छायाचित्रे घेतली, किमान एक दिवस जाऊ दिला, पुन्हा अर्धा तास बुडवली आणि दोन्ही छायाचित्रे एकमेकांवर ठेवून पाहिली. सुरकुत्यांची वळणे बहुतांशी तीच होती, कारण त्यांना वळण देणाऱ्या रक्तवाहिन्या आपली जागा फारशी सोडत नाहीत. मज्जातंतूला इजा झालेल्या एका विद्यार्थ्याचीही बोटे त्यांनी बुडवून पाहिली. त्यांवर सुरकुती उमटली नाही, आणि 1936 सालचे निरीक्षण पुन्हा एकदा खरे ठरले. हा निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पाण्यात दीर्घकाळ राहिलेल्या हातांची ओळख पटवण्यासाठी तो पोलीस तपासातही उपयोगी पडू शकेल असे सांगितले जाते.

हे संशोधन महाराष्ट्रात पन्नास वर्षांपूर्वीच व्हायला हरकत नव्हती, कारण जिज्ञासू मुले, बोटे आणि प्लॅस्टिकची बादली ही सामग्री येथे मुबलक होती. अडचण केवळ कार्यपद्धतीची होती. बोटांवर पहिली सुरकुती उमटायला पाण्यात साधारण पाच मिनिटे लागतात, आणि एकच न्हाणीघर असलेल्या घरात दारावरची पहिली थाप तिसऱ्या मिनिटाला पडते.